शेवटच्या नळीतलं पाणी

५ जानेवारी, सोमवार
लागली एकदाची नोकरी! डोंबिवली एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावरची लॅब. बाहेर केमिकलचा वास, आत गारेगार एसी. शहाडहून येईपर्यंत नाक चोंदलं, तरी मी आपली हसतेच आहे.

लॅबच्या प्रमुख अमृता मॅडमनी तीन खोल्या दाखवल्या. पहिलीत रसायनं मिसळायची, दुसरीत रक्त, तिसरीत मशीन. जायचं ते पहिलीतून तिसरीकडे. उलटं फिरायचं नाही. मशीन व्हायरसच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी नकला करतं. त्यातला कण जरी पहिल्या खोलीत आला, तर पुढे प्रत्येक नळीत तोच दिसतो. मॅडम इतक्या गंभीरपणे सांगत होत्या, की तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नका म्हणणारी आमची गंगुआत्या आठवली. हसू दाबलं.

६ जानेवारी, मंगळवार
माझा पहिला पेशंट राजरत्न, वय एकोणीस, रक्ताचा कॅन्सर. बहिणीचा बोन मॅरो बसवलाय. सायटोमेगॅलो व्हायरस आपल्या बहुतेकांच्या अंगात गुपचूप पडून असतो. पण अशा पोराच्या अंगात त्याला अडवणारं कोणी नाही, जागा झाला की घात. म्हणून दर मंगळवारी मोजायचा. आकडा चुकून चालत नाही, कारण त्यावरचं औषध नवा मॅरोही मारतं.

शेवटच्या नळीत नुसतं पाणी. पाण्यात काही दिसलं नाही, तरच बाकीचं खरं.

रक्त घेऊन त्याचे वडील, कुंडलिककाका, दिव्याहून लोकलने स्वतः येतात. पाण्याचं ऐकून म्हणाले, आमच्या दिव्यात पाणी यायची बोंब, आणि ताई, तुम्ही ते तपासत बसता! राजरत्न शून्य, पाणी शून्य. काकांनी खिशातून मूठभर बोरं दिली.

१२ जानेवारी, सोमवार
सरावासाठी व्हायरस असलेली नळी मशीनमध्ये चालवली. तिसऱ्या खोलीत तिचं झाकण हातातच उघडलं. पुसून घेतलं. तेवढ्यात पहिल्या खोलीत विसरलेला माझा फोन वाजायला लागला. धावत गेले, त्याच अॅप्रनवर, त्याच ग्लोव्हजनी. अर्धं मिनिट. कुणी पाहिलं नाही, मीही बोलले नाही. नवी नोकरी आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
राजरत्नच्या रक्तात व्हायरस दिसला, थोडा. मशीनच्या पडद्यावर पाण्याची रेषही शेवटी जराशी उचलली, म्हणजे पाण्यातही तो. मॅडम ठाण्याला होत्या. फोनवर त्यांनी विचारलं, पाणी शून्य ना? मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं.

२० जानेवारी
आकडा वाढला. सगळं ब्लीचने पुसलं होतं, पाण्याची सीलबंद बाटली फोडली होती. तरी पाण्याची रेष वर चढली. ती आणि राजरत्नची रेष एकावर एक बसल्या, तंतोतंत. म्हणजे त्याच्या रक्तात काहीच नाही. आहे ते मी आणलेलं.

पाणी शून्य लिहिलं. डोस वाढला.

२७ जानेवारी
काका विचारत होते, एवढं औषध देऊन व्हायरस मरत का नाही ओ ताई? पोराचं तोंड आतून सोललंय, पांढऱ्या पेशी खाली खाली चालल्यात. मी म्हटलं, वेळ लागतो.

रोज ठरवते, आज सांगायचं. मॅडमच्या दारापर्यंत जाते आणि परत येते.

२९ जानेवारी
सगळे गेल्यावर कापसाचा बोळा फिरवून एकेक तपासलं. दाराची कडी. पेन. माझे केस. घरच्या उशीवरून फिरवून आणलेला बोळा. सगळीकडे तो. रिकाम्या नळीतही — काहीही न घालता — रेष चढली. दर वेळी आधीपेक्षा लवकर.

घाबरायला हवं. काहीच वाटत नाही. जेवले, झोपले.

२ फेब्रुवारी
राजरत्न आयसीयूत. पांढऱ्या पेशी उरल्याच नाहीत. उशी धुतली. पुन्हा तपासली — आहे.

३ फेब्रुवारी
काका आलेत. आज रक्त नाही, नुसता निरोप. डॉक्टर विचारताहेत, व्हायरस नक्की आहे का, नसेल तर औषध आत्ता थांबवतो. काचेबाहेर बाकावर बसलेत. मॅडम आत आहेत. एकच वाक्य आहे — नव्हता, कधीच नव्हता —

उठते. लिहून झालं की —

काकांचा फोन वाजला. उभे राहिले. हो हो म्हणताहेत. कधी गेला, एवढंच विचारताहेत —

खाली बसले. लादीवरच. माझ्याकडे बघताहेत, ताई म्हणून हाक —

मी अजून त्यांना सांगित