शर्यतीआधी भावाची सही

मी, खाली सही करणारी बाई, वय चौसष्ट, पूर्वीचा धंदा मोटार चालवायला शिकवणे, सध्याचा धंदा इतरांच्या चालवण्यात चुका काढणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. शेजारच्या सीटवर बसून दडपण आणण्याचे काम जन्मभर मीच केले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणालेच तर तो माझ्या नवऱ्याचा पुतण्या असेल. त्याचे ऐकू नये.

वकीलबाई म्हणाल्या, "थोडक्यात लिहा." मी काही तार करत नाहीये.

कलम पहिले. दुकानांच्या वरचे माझे दोन खोल्यांचे घर, ओट्यासकट आणि गळक्या नळासकट, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. तिला सगळे बारकी म्हणतात. आता तिचे डोके दाराच्या चौकटीला लागते, तरी म्हणतात. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही, भिंतींत माझा जीव अडकलेला नाही. फक्त वर सांगितलेल्या पुतण्याला विकू नये. आमचे हे गेल्यापासून तो दर भेटीत खोल्या पावलांनी मोजतो, आणि मी समजत होते की काकूला भेटायला येतो.

कलम दुसरे. बँकेतल्या ठेवीचा अर्धा भाग बारकीला, तिच्या छपाईच्या धंद्यासाठी. उरलेला अर्धा वकीलबाईंनी स्वतःकडे ठेवावा आणि ज्या बायकांना घरचे "तुला कशाला हवं ड्रायव्हिंग?" असे विचारतात, त्यांच्या शिकवणीला वापरावा. अशी बाई ओळखायला सोपी असते. ती फी आधी देते आणि गाडीत बसायच्या आधी चप्पल काढते.

कलम तिसरे. शिकवणीच्या वेळी माझ्या बाजूला लावायचा जादा आरसा पलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला द्यावा. "बाईकडे गेलात तर फक्त ब्रेक दाबायला शिकाल," असे तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचा. मागे बघायची सवय कोणत्याही वयात लावता येते. सरावाच्या प्लास्टिकच्या शंकूंना कोणी वाली नाही, ते भंगारात घालावेत. ह्यांची हातपिशवी आणि त्यातल्या आवळ्याच्या गोळ्या मात्र टाकू नयेत. ह्यांना गाडी लागायची. माझ्याकडे शिकायला आले आणि पहिल्याच वळणानंतर खाली उतरून झाडाखाली बसले. लग्न झाले, लायसन्स शेवटपर्यंत झाले नाही. ती पिशवी बारकीने जवळ ठेवावी.

कलम चौथे. "माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी माझ्या धाकट्या भावाला मिळावी," असे मी आधी लिहिले होते. वकीलबाईंनी ते खोडायला लावले. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच कागदातून काही ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे. "साक्षीदार दुसरा बघा की," त्या म्हणाल्या. मी म्हटले, साक्षीदार तोच हवा. तेव्हा पाटीही बारकीला मिळावी. धाकट्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्याला वाईट वाटेल, हे मी लिहून ठेवते.

धाकट्याचा धंदा पाट्या रंगवण्याचा. पट्टी न लावता, खडूची रेघ न मारता अक्षर काढायचा. माझी पाटी त्याने शिडीवर उभे राहून एका दुपारात रंगवली आणि पैसे घेतले नाहीत. "तू शिकवलेल्या बायका माझ्या अंगावर गाडी घालणार नाहीत एवढं बघ," म्हणाला.

कलम पाचवे. हे मृत्युपत्र आत्ताच का, याबद्दल. वर्षातून एका रविवारी धरणापासून टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंतचा रस्ता इतर वाहनांना बंद करतात आणि हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन त्यावर शर्यत लावतात. दंतवैद्य, बेकरीवाला, फर्निचरवाला, बहुतेक पोट सुटलेले. गाड्या एकेक करून सोडतात, जो कमी वेळात वर पोचेल तो जिंकला. बक्षिसाच्या पेल्यात घोटभर चहासुद्धा मावत नाही. मी स्कूल बंद केले तेव्हा माझी जुनी गाडी धाकट्याने घेतली, स्वतःच्या नावावर केली, आणि आम्ही दोघे शर्यतीत उतरू लागलो. तो चालवायचा, मी शेजारी बसून पुढचे वळण ओरडून सांगायची. "उजवं, आवळतं! सोड आता! पुलाआधी डावं!" आम्ही कधी जिंकलो नाही, पण दंतवैद्याला मागे टाकले की वर्षभर दात काढत फिरायचो. तिथे मला ब्रेकबाई म्हणतात, कारण शिकवणीचा दुसरा ब्रेक माझ्या पायाशी होता. शर्यतीच्या समितीने त्याची जोडणी काढायला लावली. पेडल मात्र तिथेच राहिले.

गेल्या वर्षी दगडखाणीच्या वळणाला मी वेळेवर ओरडले आणि गाडी वळली नाही. माझा पाय पेडलवर गेला. ते पोकळ खाली गेले. मग गाडी वळली, मागचा पत्रा कठड्याला घासून. वर पोचल्यावर धाकटा स्टेअरिंगवरचे हात काढेना, ते मी सोडवले. उजवा हात थरथरत होता. भीतीने थरथरणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत, माझे पोटच त्यांच्यावर चालले. तो थरकाप चहा पोटात गेला की थांबतो. हा थांबला नाही. पुढच्या महिन्यात तो दोन्ही हातांनी कप धरताना दिसला, तेव्हा मी विचारले.

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"गेलो होतो."

"काय म्हणाले?"

"वय झालं म्हणाले."

"थापा मारू नकोस."

"मग ऐक. हे वाढत जाणार म्हणाले. गाडी सोडा म्हणाले. रंगकाम तर गेलंच ताई, आता गाडी पण सोडू? आणि बारकीला एक शब्द बोललीस तर पुन्हा माझं तोंड बघू नकोस. घे आईची शपथ."

मी घेतली. वर शहाणपणा केला की यंदा मी शेजारी बसणार नाही असे सांगून टाकले. वाटले, बहिणीशिवाय तो कसला जातोय. हात दाखवून अवलक्षण! तो म्हणाला, "नको बसूस. बारकी बसेल." बारकीने त्याच दिवशी हेल्मेट घेतले.

कलम सहावे. दरवर्षी गाडीच्या दारावरचा आकडा धाकटा ब्रशने स्वतः रंगवतो. यंदा तो बारकीच्या दुकानात छापलेला, चिकटवायचा आकडा आहे. ती मला सांगायला जिना धावत चढून आली. "आत्या, बाबांनी माझ्याकडून आकडा करून घेतला! छापलेलं अक्षर म्हणजे मेलेलं अक्षर म्हणायचे ना? शेवटी मानलं त्यांनी माझं काम." मी "हो गं" म्हटले आणि पाणी आणायला आत गेले. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

भावजय गेल्यापासून त्या घरात ही दोघेच आहेत. बारकी दिवसभर दुकानात असते, तिच्यासमोर तो हात खिशात ठेवतो आणि रंगकामाला गिऱ्हाईकच उरले नाही असे सांगतो. या रविवारी दोघे एकाच गाडीत असतील, आणि दगडखाणीचे वळण आहे तिथेच आहे. मला झोप येत नाही. समितीला कळवले तर धाकट्याला चारचौघांत गाडीतून उतरवतील, आणि तेही बोलणेच झाले. शपथ मोडणे मला जमत नाही. वाकवणे जमते.

कलम सातवे. म्हणून हा कागद. मला मरायची घाई नाही. पण मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांनी समोर बसून सही करायची असते. बहिणीने साक्षीला बोलावले तर भाऊ नाही म्हणत नाही. मी फोन करून म्हटले, "गुरुवारी वकीलबाईंकडे ये, आणि येताना बारकीला आण, मला जिना उतरताना धरायला कोणी हवं." जिना मी एकटी उतरते. बारकीला मी काही सांगणार नाही. ती बापाच्या खांद्याशी उभी असेल आणि बापाच्या हातात पेन असेल, एवढीच व्यवस्था मी केली आहे.

हे कपट आहे, हे मला कळते. बारके, तू हे वाचशील तेव्हा मी नसेन, तेव्हा आत्ताच सांगते की मला भीती वाटते. आई गेल्यावर माझे माहेर म्हणजे तुझा बाप. तो मला तुटला तर मला जायला दुसरे घर नाही. तरी तू त्या सीटवर बसण्यापेक्षा हे परवडले.

येणेप्रमाणे माझी इच्छा. मजकूर माझा, अक्षर माझे, खाडाखोडही माझीच.

सही: मृत्युपत्र करणारी

सह्यांच्या वेळी स्वहस्ते जोडलेला मजकूर. वकीलबाईंनी आधीची पाने झाकून फक्त शेवटचे पुढे ठेवले. धाकटा हात खिशात घालून बसला होता. "चष्मा घरी राहिला," म्हणाला. बारकीने पर्समधून त्याचा चष्मा काढून दिला. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला सगळे कळले. तरी त्याने पेन घेतले. पहिलेच अक्षर रेघ सोडून समासात गेले.

बारकी हसली. "बाबा, नीट काढा की! तुम्ही आणि असलं अक्षर?" मग ती हसायची थांबली. तिने त्याचा हात धरला. तो तिच्या हातात हलत राहिला.

"कधीपासून?" तिने विचारले. त्याने हात सोडवून घेतला.

"आत्या, तुला माहीत होतं?" मी झाकलेली पाने सारखी केली. शपथ होती.

तिने दोघांकडे आळीपाळीने बघितले. "रविवारी मी बसणार नाही बाबा. आणि तुम्हीही बसायचं नाही. किल्ली द्या." तिने हात पुढे केला. त्याने डाव्या हाताने किल्ली काढून दिली.

मग तो मला म्हणाला, "ताई, बोलली नाहीस खरी. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं."

त्याने सुरू केलेले अक्षर स्वतःच आडवी रेघ मारून खोडले आणि वकीलबाईंना म्हणाला, "शाईचं पॅड आहे का?"

स्थळ: वकीलबाईंचे कार्यालय, दुसरा मजला
दिनांक: शर्यतीच्या रविवारआधीचा गुरुवार

साक्षीदार दुसरा: याच इमारतीतला कुलूपवाला. सही.

साक्षीदार पहिला: मृत्युपत्र करणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊ, धंदा पाट्या रंगवणे. डाव्या हाताचा अंगठा.

वकिलांचा शेरा: पहिल्या साक्षीदारास उत्तम लिहिता-वाचता येते. अंगठा त्याने स्वतः मागून दिला आहे.