खिळ्यावर राहिलेला बिल्ला

४ ऑक्टो., शनि.
कयाक आज सात वेळा उलटली. चारदा आत बसल्या बसल्याच होडीसकट सरळ झाले, तीनदा बाहेर निघून पोहत काठ गाठला. कोच नेगी मॅडमचं एकच, "सिर सबसे आख़िर में." माझं डोकं सगळ्यात आधी वर येतं. बी.ए. झाल्याचा परिणाम असेल.
खाण बंद झाल्यापासून गावाला काम नाही. वर्धा नदीच्या या खडकाळ धारेत पर्यटक यावेत, गाईड गावचेच असावेत, असं मॅडमच्या मनात आहे. परीक्षा १२ ला. अख्खी धार एकटीनं उतरायची. पास झाले तर गावातल्या मुलींना मी शिकवेन. घरोघरी जाऊन गोळा करेन.

५ ऑक्टो.
बाबा नदीवर आले ते खिळे मारलेली फळी घेऊन. खाणीच्या लॅम्परूममध्ये, खाली जाणाऱ्यांना दिवे देण्यात, त्यांनी उमर काढली. तिथला नियम : खाली जाताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आलं की स्वतः काढून न्यायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केलेत. मी ७ नंबर.
"नदीत बी खालीच जाता ना," म्हणाले. धार सुरू होते तिथल्या बाभळीला फळी ठोकली.

८ ऑक्टो.
लिहायची लाज वाटते. धार उतरून पुलापाशी बाहेर निघाले. तिथे काठावर मैत्रीण सुषमा भेटली; दोघी कयाक टेम्पोत टाकून थेट चौकात, भजे खायला. बिल्ला वरच राहिला.
परत येते तर काठावर अर्धं गाव. ढिवर भाऊ डोंगे घेऊन डोहात जाळी टाकत होते. माझ्यासाठी. माझ्या हातात भज्यांचा पुडा.
बाबा फळीजवळच उभे. "बिल्ला खिळ्यावर, मंजे माणूस आत." मग, "पुरे झालं आता. परीक्षा-बिरीक्षा नाई."
डोंग्यातून किसनभाऊ म्हणाले, "पोरी, तू नाई भेटली, पण मरळ मस्त भेटले."

९ ऑक्टो.
बाबा बोलत नाहीत. माय म्हणते, "त्याइची सही लागते का तुले? जाय ना."
नाही जाणार. बापाचं न ऐकता गेले, तर दुसऱ्यांच्या मुली शिकवायला कोणत्या तोंडानं मागू?

१० ऑक्टो.
बाबांना म्हटलं, चूक माझी, फळीची नाही.
त्यांनी चष्मा पुसला. "फळीची बी हाये. खाणीत माणूस जिथून खाली जाते तिथूनच वर येते. नदीत जाते एका जागी, निंगते भलतीकडे. बिल्ला गळ्यात पाहिजे. पुलाखाली हातात द्यायचा."
"कोनाच्या हातात?"
"कोनाच्या मंजे? ड्यूटी कोनाची हाये?"
हे 'हो' असावं. पुन्हा विचारलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
उतरले. मधल्या काळ्या खडकाशी उलटले. हिरवा अंधार, नाकात पाणी, मग एकदम आभाळ. कसं सरळ झाले, सांगता येत नाही.
पुलाखाली बाबा गुडघाभर पाण्यात, चपला बगलेत. बिल्ला घेतला, वहीत वेळ लिहिली, मग माझ्याकडे पाहिलं.
मॅडमचं एवढंच : दुसऱ्या गावांच्या मुली उतरायच्या आहेत, निकाल दिवाळीनंतर.
जेवताना बाबा, "पास-नापास पाहू मंग. पण त्या दगडाच्या डावीकून काऊन गेली?"
"पानीच तिकडं नेऊन राह्यलं होतं."
"उजवीकून जागा होती. मी पाहून राह्यलो होतो."
माय म्हणाली, "तं तुमीच जाऊन दाखवा."
बाबांचा घास हातातच राहिला. "मॅडमपाशी दोघांची कयाक हाये का?"
उद्या विचारते म्हटलं.