घागरवाला भाऊ, छत्रीवाले दाजी

कार्तिक १०, सकाळ
आज भाईटीका, आम्हा नेपाळ्यांची भाऊबीज. आमच्या तानसेन गावातला प्रत्येक भाऊ आज बहिणीकडून कपाळावर सात रंग ओढून घेऊन मिरवणार. मी नाही. दिदीकडे जायचं नाही, ठरलं. दाजी छत्री पक्षाचे नगर-उपाध्यक्ष, मी घागर पक्षाचा वॉर्ड-सचिव. संसदेचं मतदान चोवीस दिवसांवर. त्यांच्या दारात माझा एक फोटो निघाला की संपलंच. सबित्राने विचारलं, पक्षाने सांगितलंय का, जाऊ नका म्हणून? स्पष्ट असं नाही. पण राजकारणात न सांगितलेलंही कळावं लागतं. म्हणून तर मी सचिव आहे आणि ती नुसती बायको.

संध्याकाळ
दिदीचे तीन फोन. उचलले नाहीत. भाचीकडून कळलं, दिदी दोन वाजेपर्यंत पाणीही न पिता बसून होती. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, दिदी चौदाची. माझ्यापायी तिची शाळा सुटली. वाईट वाटलं. पण देश आधी. निवडणूक झाली की स्वतः जाऊन समजावेन. तिला राजकारण कळत नाही, पण मन मोठं आहे.

कार्तिक २४
चौकात सभा. माझं भाषण झकास. म्हणालो, काही घरांत चुलीतली लाकडंसुद्धा कमिशनची असतात. टाळ्या! खरं तर दाजी आयुष्यभर मास्तरकी करून निवृत्त झालेले, अजून घराला रंग नाही. त्यांच्या प्रामाणिकपणावर भाषण होत नाही, ही माझी अडचण.
गर्दीच्या मागे दिदी मुळ्याची जुडी घेऊन उभी होती म्हणे. हे सबित्राने सांगितलं. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, हे तिला चारदा सांगितलं.

मंसिर २
मतदार प्रशिक्षण दिलं. मतपत्रिकेवर स्वस्तिकाचा शिक्का कसा मारायचा: भरपूर शाई, जोर लावून, आणि लगेच घट्ट घडी, म्हणजे कुणाला दिसणार नाही. म्हाताऱ्यांकडून तीनतीनदा करून घेतलं. विजय नक्की.

मंसिर ७
आमचा उमेदवार एक्केचाळीस मतांनी पडला. छत्रीवाला आला. आमची शंभरावर मतं बाद. ओली शाई घट्ट घडीत पलीकडच्या चिन्हावर उमटली. आमच्या पक्षाच्या अध्यक्षांनी विचारलं, हे घडी घालायचं कोणी शिकवलं? मी शाईच्या दर्जावर बोट ठेवलं.
देशात कुणालाच बहुमत नाही. म्हणजे आम्ही पूर्ण हरलेलो नाही.

पौष १०
रेडिओवर सांगितलं: घागर आणि छत्री मिळून सरकार! अध्यक्षांचा फोन, छत्रीची मंडळी आता आपलीच, चार वाजता एकत्र मिरवणूक. मी विचारलं, मग मी सभेत बोललो ते? अध्यक्ष म्हणाले, कोण कुठे काय बोललं?
नातलग म्हणून दाजींना अबीर लावायचं काम माझ्याकडे आलं. मी बुटका, म्हणून तेच वाकले. कानाशी म्हणाले, मानेवर नको रे, खाज सुटते. बस्स, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून घोषणा दिल्या.

पौष ११
दिदीकडे जायला हवं. आज नको. लगेच गेलो तर म्हणेल, युती झाली म्हणून आला. योग्य वेळ बघायची.

पौष २८
योग्य वेळ अजून नाही. सबित्रा म्हणते, तुमची योग्य वेळ यायच्या आत सरकार पडेल. स्थिर सरकार म्हणजे काय, हे तिला कोण सांगणार?

फागुन १४
गेलो. परिस्थिती, दबाव, देशहित असं सगळं पाठ करून गेलो होतो. दिदीने दार उघडलं आणि म्हणाली, जेवलास का?
दाजींच्या शेजारी पाटावर बसवलं. गरम भात, डाळ, आंबवून वाळवलेल्या पाल्याची, गुंद्रुकची भाजी, वरून तूप. मी म्हणालो, दिदी, चुकलो. पाठ केलेल्यात हे नव्हतं. ती म्हणाली, चुकलास ते मला ठाऊक आहे, खा आता, गार होतंय. मी भात कालवायला घेतला.
तेवढ्यात दोघांचेही फोन वाजले. माझ्या फोनवर अध्यक्ष: युती तुटली, सरकार गेलं, तासाभरात चौकात निषेध, छत्रीवाल्यांशी आजपासून संबंध बंद. दाजींनाही तेच ऐकवत असावेत. ते "जेवतोय" म्हणाले, फोन उपडा ठेवला आणि दिदीकडे डाळ मागितली.
मी उठलो.
का उठलो, माहीत नाही. कुणी हाताला धरून ओढलं नव्हतं. अर्धा भात ताटात तसाच. दिदी डाळीची पळी घेऊन उभी. मला वाटलं, आता बोलेल. म्हणाली, हात तरी धुऊन जा.
धुतले नाहीत. तिच्यासमोर मोरीपर्यंत जायची हिंमत झाली नाही.
चौकात आम्ही पाच जण. त्यातले दोघे बससाठी उभे होते. घोषणा मीच दिल्या. अध्यक्ष आले नाहीत. फोन केला तर त्यांच्या घरून निरोप मिळाला, साहेब जेवायला बसलेत.