हिऱ्याखालचं क्रियापद

३ मार्च
राणीचा हिरा आमच्या संग्रहालयात येतोय! महिनाभरासाठी, उसना. त्याखालचा फलक मी लिहायचा. तीनशे वर्षं, पाच मालक, दोन खून — आणि शब्द चाळीस. बावीस वर्षांच्या नोकरीतली माझी सर्वाधिक वाचली गेलेली रचना म्हणजे ‘काचेला हात लावू नये’. तीही कुणी मनावर घेत नाही.

५ मार्च
शेवटच्या वाक्यात गाडं अडलं. हरलेल्या राणीकडून हिरा जेत्यांकडे गेला कसा? ‘घेतला’ लिहिलं. संचालक म्हणाले, ‘‘जरा सांभाळून. आताचे मालक उद्घाटनाला येतायत.’’ मी लगेच ‘सुपूर्द झाला’ केलं. कुणी केला, कुणाला विचारून — पत्ता नाही. साहेब खूश. मीही! स्वतःची पाठ थोपटायला हात मागे बरोब्बर पोचतो माझा.

६ मार्च
बायको : ‘‘आपल्याकडे चोरी झाली तर पोलिसांना काय सांगशील? दागिने सुपूर्द झाले?’’ मी आमटी वाढून घेतली.

११ मार्च
प्रदर्शन सुरू. एक बाई फलकापुढून हलेनात. शिवणकाम करतात म्हणे. राणी त्यांची खापरपणजी! आल्या होत्या मात्र तिकीट काढून, रांगेतून.
‘‘हे तुम्ही लिहिलंत?’’
मी लाजत ‘हो’ म्हटलं. गाढव! मला वाटलं, कौतुक करतायत.
‘‘नऊ वर्षांची होती हो ती. आईला तिच्या कोंडून ठेवलेलं. एवढंसं लेकरू काय सुपूर्द करणार?’’
पाणी हवंय का, विचारलं.

१२ मार्च
रजा टाकून दप्तरखान्यात गेलो, तहाचा मूळ कागद बघायला. आयुष्यातलं पहिलं शौर्य, तेही अर्ध्या दिवसाचं. कागदावर स्वच्छ लिहिलंय — ‘राणीने स्वखुशीने दिला.’ म्हणजे बाई चुकल्या! हुश्श केलं. मग पान उलटलं. मागे कारकुनाने राणीचे शब्द जसेच्या तसे टिपलेत : ‘आईला सोडाल ना? मग घ्या.’
दुभाष्याने त्याचं ‘स्वखुशीने’ केलं. खाली त्याची सही आहे, पण पुसट. उद्या भिंग नेतो.

१३ मार्च
सही वाचली. दुभाषा म्हणजे माझे खापरपणजोबा.
कुणाला न विचारता फलक बदलला : ‘नऊ वर्षांच्या राणीकडून घेतला.’ खाली दुभाष्याचं नाव घातलं. आडनावासकट.