यांच्या नावाखाली ‘ऑनलाइन’

गुरुवार, दिवेलागण

माझ्या फोनवर यांच्या नावाखाली पुन्हा ‘ऑनलाइन’ दिसतंय. यांना जाऊन आज सोळा दिवस झाले.

चूक माझीच. दशक्रियेचा निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना संपर्कासाठी यांचाच नंबर दिला, कारण सगळ्यांना तोच पाठ. निरोप पुढं कुठं कुठं गेला कोण जाणे. काल यांच्या फोनवर कुणा माणसाचा फोन आला. मृत्यूच्या दाखल्याचं काम आहे म्हणाला, मला ‘काकू’ म्हणाला, यांचं पूर्ण नाव घेतलं. मेसेजमध्ये आलेले सहा अंक मी वाचून दाखवले. वर आभारही मानले!

दुपारी बिडकीनहून नणंदेचा फोन. “वहिनी, दादाचा मेसेज आलाय. कशी हायेस म्हणून विचारतोय. लई भ्या वाटतंय मला.”

नात वैतागली. “आजी, हे आम्हाला शाळेत शिकवतात. तुला आजोबांनी यातलं काही शिकूच दिलं नाही! त्या अंकांवर त्यानं आजोबांचं व्हॉट्सअ‍ॅप घेतलंय. वर स्वतःचा पिन लावलाय, म्हणून परत मिळायला सात दिवस लागतील. तोवर ग्रुपवर सांग आणि तू ब्लॉक कर.”

ग्रुपवर लिहिलं, हे ते नाहीत, कुणी उत्तर देऊ नका. अंक मी दिले, तेही लिहिलं.

ब्लॉक मात्र अजून केलेलं नाही. यांच्या नावाला कसं करू? पलीकडं चोर आहे, कळतं मला. तरी ते ‘ऑनलाइन’ दिसलं की... आता तिथून ‘जेवलीस का?’ आलं, तर मी उत्तर देईन. त्याचीच भीती वाटते.