कारंज्यावरच्या बाईची पाठवणी

कोल्हापूर,
कार्तिक वद्य सप्तमी

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी धाकट्या आण्णाचा साष्टांग दंडवत.

दत्तमहाराजांच्या कृपेने मी सुखरूप आहे. म्हणजे दोन्ही गुडघे वगळून बाकीचा मी सुखरूप आहे. वाडीला घाटाच्या पायऱ्या पाण्याबाहेर आल्या का, तुझा डोळा आता सुईत दोरा ओवण्याइतका निवळला का, आणि वर्षाराणीशी तुझे बोलणे सुरू झाले का, हे सविस्तर कळव. (अशी सून मिळायला पुण्याई लागते. हे आजच का लिहितो, ते पत्र शेवटपर्यंत वाचशील तर उमगेल.)

कागलच्या वाटेवरचा रमणा बंगला तुला आठवत असेल. सरदारांची हरणे चरत ते राखीव रान, मधोमध उतरत्या कौलांचा बंगला आणि पुढ्यात कोरडे कारंजे. लहानपणी आपण तारेबाहेर पडलेली जांभळे वेचली. आत पाऊल टाकण्याची आपली प्राज्ञा नव्हती. त्या घराण्याची शेवटची लेक संयोगिता हिने रिसॉर्टवाल्यांना परत धाडून सारी मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन केली. अट एकच: हे सर्वांना खुले राहावे, नवी वीट चढू नये, जुने झाड पडू नये. आता सकाळी तिथे म्हातारे फिरतात, सुटीच्या दिवशी एमआयडीसीतली मुले डबे सोडून चिंचेखाली आडवी होतात. अध्यक्षपद मला मिळाले, कारण हयात पुराण सांगण्यात गेल्याने माझे कुणाशी वैर नाही. (श्रोते पुराणात झोपतात, निजलेल्या माणसाशी वैर तरी कसे जडावे?)

दसऱ्याला फाटक उघडायचे ठरले. आदल्या दिवशी पाहणी करताना कारंज्यातल्या संगमरवरी बाईकडे मी प्रथमच नीट पाहिले. संयोगिताच्या पणजोबांनी ती इटलीहून बोटीने आणवली होती. खांद्यावर कललेली घागर, मुद्रा सात्त्विक. परंतु आक्का, घडवणाऱ्याने सारे कौशल्य घागरीवर आणि मुद्रेवर वेचले, वस्त्राचा विषय त्याला सुचलाच नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या लेकीसुना येणार! मी घरी येऊन कपाट उघडले, हाती लागले ते जांभळे इरकली लुगडे घेतले (कुणाचे, ते पुढे), आणि डोळे मिटून, नामस्मरण करीत तिला नेसवले. मिटल्या डोळ्यांनी नऊवार नेसवणे हे काय तप आहे, ते केल्यावाचून कळायचे नाही. काष्टा साधला नाही, गोलच गुंडाळले.

उद्घाटनाला दूध घालणारी धोंडुबाई आली होती. विजयादशमीचा दिवस, डोक्यावर पदर, खांद्यावर कळशी आणि पाषाणाची मूर्ती! अंबाबाईसाठी पिशवीत आणलेला खण-नारळ तिने तिथल्या तिथे या बाईच्या ओटीत घातला. दुसऱ्या दिवशी पाच बायका आल्या. त्या आठवड्यात 'कळशाई' हे नाव पडले आणि दिवाळीला हुपरीच्या एका बाईने नवस फेडून चांदीचे पैंजण वाहिले. कारंज्याची दुरुस्ती पुरी झाली, पण पाणी सोडता येईना. देवीला भिजवणार कोण? संयोगिता धोंडुबाईला समजवायला गेली, की अहो, ही परदेशची बाई आहे. धोंडुबाई म्हणाली, "बाई हाय न्हवं? लुगडं नेसलीया न्हवं? मग कुठनं आली ते कशाला इचारायचं? आमी नांदायला आलो तवा आमाला तरी कुणी इचारलं?"

मग कृष्णात उभा राहिला. माजी सरपंच, मनाचा उदार, आणि सिमेंटच्या बाबतीत तर अतिउदार. त्याला कळशाईपुढे सभामंडप बांधायचा होता. चिंच आणि दोन्ही जांभळी आड येत होत्या, त्या काढायच्या. मी म्हणालो, अरे, अट काय आहे? तर म्हणतो, "आण्णा, देव काय अट वाचून परगट हुतो व्हय? अन् लुगडं तुमीच नेसवलंसा की!" मंडळी खो खो हसली. शाळेच्या मुलांना झाडे दाखवायला आणणाऱ्या संघप्रियाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या इतकेच म्हणाल्या, "आण्णा, या फाटकातून आत येताना आजवर आम्हाला कुणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारलेलं नाही. उद्या मंडप झाल्यावर विचारतील." आक्का, तारेबाहेरची जांभळे वेचणारे आपण दोघे मला त्या क्षणी दिसलो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

माझी कोंडी बघ. पाषाणात देव आहे असे साठ वर्षे सांगितले. आता याच एका पाषाणात नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? पोराचा ताप उतरला म्हणून रडत आलेल्या बाईला काय सांगू? आणि लुगडे सोडावे, तर भरसभेत स्त्रीच्या वस्त्राला हात घालणाऱ्याचे पुढे काय झाले, ते याच तोंडाने गावोगाव रंगवून सांगितले आहे.

शेवटी भाद्रपदातल्या गौरीने वाट दाखवली. येते, जेवते आणि आपण तिला निरोप देतो, तीच ना? कारंज्यापाशी बायकांना बसवून मी म्हणालो, "ओटी कुणाची भरतात? निघालेल्या लेकीची. तुम्ही दीड महिना भरताय आणि निघू काही देत नाही. हिनं सासरी जायचं कधी?" धोंडुबाईने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "खरं हाय. आमी लईच दिस ठिवून घितली. पर सासर कुठलं तिचं?" मी म्हणालो, नृसिंहवाडी. (असत्य नव्हे, पुढे वाच.) त्यावर ठरले ते असे: सासरचे वडीलधारे बाईमाणूस न्यायला यावे, त्यानेच पदर सोडवावा, पुरुषाने हात लावायचा नाही; मग लुगडे, पैंजण आणि ओटी वाजतगाजत वाडीला जावी, आणि मागे राहील तो दगड. मंडप गेला म्हणून कृष्णात घटकाभर हिरमुसला, मग म्हणाला, "मग जीप माझी. अन् ब्यांड बी माझाच!" निरोपाच्या मंत्रातले 'पुन्हा ये' एवढे शब्द मी मनातल्या मनात गिळणार आहे. त्याचे प्रायश्चित्त वाडीला येऊन घेईन.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावीत जा. मी लावतो, उपयोग नाही, पण लावतो.

तुझा धाकटा,
आण्णा

ता. क. ते इरकली लुगडे तुझेच. गौरीला आलीस तेव्हा माझ्या कपाटात विसरलीस. तू समजतेस तसे वर्षाराणीने ते बोहारणीला घातलेले नाही. आजच तिच्याशी बोल. आणि तुझ्या लुगड्याचे सासर वाडीच, म्हणून न्यायला येणारे वडीलधारे माणूसही तूच. येत्या गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने ये. तू आलीस तरच चिंच उभी राहील.

पुन्हा ता. क. पाठवणीनंतर ती बिचारी पुन्हा तशीच उभी राहील, आणि मुलांची सहल तर शुक्रवारीच आहे. तेव्हा येताना एखादे जुनेर आण. विटके असावे, काठ नसावा, आणि संयोगिताला व धोंडुबाईला दाखवू नकोस.