नाव नसलेला तुकडा

आप्पा, तुमचा कॉम्प्युटर परवा मी आतून पुसायला घेतला. सदलग्याच्या वाचनालयाला तो द्यायचं मी कबूल केलं होतं. मुलांना टायपिंग शिकायला चालेल म्हणाले. टेम्पो दुपारनंतर येणार होता. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, दिलेला शब्द मी फिरवत नाही आणि घरात अडगळ ठेवत नाही. मात्र पुसण्याआधी एक काम करायचं होतं. आईचा आवाज शोधायचा होता. तुम्ही कधीतरी फोनवर धाकट्याला म्हणाला होतात, "तुझ्या आईचा आवाज ठिवलाय रं कॉम्प्युटरात." त्यानंतर आई गेली, पाठोपाठ तुम्ही गेलात, आणि ते वाक्य तेवढं राहिलं. आईनं कधी कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं नाही, फोन आला की दुसऱ्याच्या हातात द्यायची. तिचा आवाज कुठं असलाच, तर या एका डब्यात होता. हुबळीहून धाकटा भाऊ सकाळपासून विचारत होता, मिळाला का.

मी सी बघितलं, डी बघितलं. डीमध्ये तुमचे जमिनीचे नकाशे होते, मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही लोकांना काढून दिलेले, नीट गावागावानं लावलेले. आवाज कुठंच नव्हता. मग डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी उघडली, तर तिथं मला ठाऊक नसलेले आणखी दोन तुकडे. एक अगदी छोटा, आणि दुसरा जवळजवळ अर्ध्या डिस्कएवढा. दोघांनाही नाव नाही. मोठ्यावर क्लिक केलं तर कॉम्प्युटरनं सांगितलं, हा भाग वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल, करू का? खाली होय आणि नाही. मी कॉलेजात इतकी वर्षं गणित शिकवलं, मशीन विचारतं ते उगाच विचारत नसणार अशी माझी समजूत. वेळही नव्हता. रिकामा आहे म्हणून तर फॉरमॅट मागतोय, असं मनात म्हणत मी बाण 'होय'वर नेला.

आणि मला जांबोटीचं शेत दिसलं. मी बीएस्सीला होते, सुट्टीत तुम्ही मला मोजणीला बरोबर नेलं होतं. एसटी चुकली म्हणून आपण केवढं चाललो होतो, चिखलात माझी चप्पल तुटलेली. दोन भावांची भाताची जमीन वाटायची आहे, दोघं बांधावर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, आणि नकाशावर दोघांच्या मधे एक अरुंद पट्टी आहे, तिला नंबर नाही. मी कॉलेजची पोर, सगळ्यांच्या देखत म्हणते, ही तर कुणाचीच नाही, मधोमध वाटून टाका, काम संपलं. तुम्ही मोजणीची साखळी खाली ठेवता. आवाज चढवत नाही, तुम्ही कधीच चढवला नाही.

"कोरं दिसतंय म्हंजे कुणाचंच न्हाय, हे कॉलेजात शिकिवलं व्हय गं तुला?"

मग तुम्ही पलीकडच्या वस्तीवर माणूस धाडलात. लगतच्या जमिनीचा प्रत्येक धारक येऊन उभा राहिल्याशिवाय तुम्ही साखळी ताणत नसा, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. सगळे खोळंबले. बऱ्याच वेळानं एक बाई आली, मागं दोन म्हशी. ती त्या पट्टीवरून म्हशी हाकत ओढ्यावर पाण्याला घेऊन गेली. दोघा भावांनी ते पाहिलं, आणि तुम्ही ती पट्टी सोडून हद्दीचे दगड कुठं लावायचे ते दाखवलंत. 

तर मी बाण 'नाही'वर आणला आणि तुमच्या पद्धतीनं लगतवाल्यांना बोलवायचं ठरवलं. म्हणजे या मशीनला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांना. मी होतेच. धाकट्याला फोन केला, तो म्हणाला, मला त्यातलं काही कळत नाही, तू तेवढा आईचा आवाज काढ. राहिली त्याची मुलगी. ती बंगळूरला नोकरीला आहे, कामाच्या वेळी फोन उचलत नाही. मी तीनदा लावला. शेवटी तिचाच आला.

"आत्ती, हो दाबलं न्हाईस ना?" हे तिचं पहिलं वाक्य.

तिनं सांगितलं ते असं. छोटा तुकडा कंपनीनंच ठेवलेला असतो, मशीन पहिल्यासारखं करायला. मोठा तिनं केला होता, ती बारावीत असताना. तुमचं विंडोज व्हायरसनं सारखं अडायचं, म्हणून तिनं अर्ध्या डिस्कवर लिनक्स ही दुसरी सिस्टिम घालून दिली होती. विंडोजला तो भाग वाचताच येत नाही, म्हणून ते त्याला कोरा समजतं. पुढं कधीतरी कुणी विंडोज परत भरलं, त्यात सुरुवातीला कोणतं हवं ते विचारणारा पडदा गेला, आणि तुमचं घर आतल्या आत बंद झालं. नकाशे सोडून आजोबा सगळं तिथंच ठेवत होते, ती म्हणाली.

तिनं फोनवर एकेक पायरी सांगितली, मी लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून मशीन चालू केलं. "नुस्तं वाचायला उघड, लिहू नको," असं ती सारखं बजावत होती, मी पोरांना बजावत असे तसं. तो भाग उघडला. आत आवाजाच्या फाइली होत्या, नावं नाहीत, नुसते आकडे. मी न ऐकता त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावल्या. हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला. तेवढ्यात दिवा एकदा मंद झाला, आणि घरातला यूपीएस केव्हाच मेलेला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी दारात जाऊन त्याला थांबा म्हटलं, ते जरा कडकच झालं असावं, कारण तो गाडी बंद करून मुकाट्यानं कठड्यावर बसला. परत आले तेव्हा पट्टी सरकत होती.

सगळं उतरलं. दोनदा पडताळून पाहिलं. मग तुमचे चारी तुकडे मोडून एक केला, फॉरमॅट केला, विंडोज नव्यानं घातलं. टेम्पोवाल्याला तोवर दोन वेळा चहा झाला. कॉम्प्युटर सदलग्याला गेला.

त्यानंतर मी पहिली फाइल लावली. तुम्ही खाकरता. "हां, बोल." आई म्हणते, "काय बोलू?" "काय बी बोल." "भाकरी करू का बोलू?" मग भाकरी थापल्याचा आवाज. तुमची खुर्ची करकरते. बऱ्याच वेळानं आई विचारते, "चालू हाय व्हय अजून ते? बंद करा, करंट जळतोय उगंच." तुम्ही बंद करत नाही. पुन्हा थापणं. बाकीच्या फाइलींची सुरुवातही अशीच आहे.

धाकट्याला सगळं पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "आक्का, आई बोलतीया कुठं यात? नुस्तं थापटणं हाय. कोरंच हाय की गं सगळं."

"कोरं म्हणू नकोस," मी म्हटलं. "शेवटपर्यंत ऐक."

 तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

आप्पा, शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की आई जेवायला हाक मारायची, आणि मी लग्न होऊन गेल्यावरही सवयीनं पहिली हाक माझ्याच नावानं द्यायची, असं तुम्हीच हसत सांगायचात. धाकट्याला मी शेवटपर्यंत ऐक म्हटलं खरं. मी स्वतः मात्र थापणं थांबलं की बंद करते.